नवी नळी, जुना नाद

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षकाने निकालाची टक्केवारी सांगावी, दोन शब्द शिस्तीवर बोलावेत आणि चहाची वेळ झाली म्हणून खाली बसावे, अशी आपली रीत आहे. टक्केवारी मुख्याध्यापक साहेबांनी सांगितलीच आहे. मला आज एका छोट्या वस्तूविषयी बोलायचे आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ती पाहिली नसेल आणि उरलेल्यांनी पाहूनही ओळखली नसेल. ती कधी पेनड्राइव्हसारखी दिसते, कधी ठळक खुणा करण्याच्या रंगीत पेनासारखी. दप्तरात कंपासपेटीशेजारी पडली असली तर आईला वाटते, काहीतरी कॉम्प्युटरचे असेल. तिला ई-सिगारेट म्हणतात, मुले 'व्हेप' म्हणतात. आंब्याच्या, पुदिन्याच्या, बबलगमच्या वासाचा लोट तिच्यातून निघतो, आणि दोन मिनिटांत खोलीत त्याचा मागमूस राहत नाही. बापाच्या नाकाला चुकवण्याची एवढी चांगली सोय बिडी-सिगारेटीने कधीच केली नव्हती.

आत काय असते ते आधी सांगतो, कारण घरात वाद होतो तो इथूनच. एक बॅटरी, तारेचे एक वेटोळे आणि थोडा द्रव. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायने आणि निकोटीन. तार तापली की द्रवाचा अतिशय बारीक फवारा होतो आणि तो ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. मुले त्याला 'वाफ' म्हणतात. वाफ म्हटले की आपल्याला सर्दी झाल्यावर पातेल्यावर डोके धरून घेतलेली वाफ आठवते, आणि मन निर्धास्त होते. ती वाफ ही नव्हे. तंबाखूतले जे द्रव्य माणसाला धरून ठेवते ते निकोटीन इथे पूर्ण हजर आहे. धूर आणि डांबर कमी झाले, मालक तोच राहिला.

आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट २००३ साली होन लिक नावाच्या एका चिनी औषधनिर्मात्याने तयार केली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. हेतू वाईट नव्हता. परंतु २०१५ साली अमेरिकेत 'जूल' नावाची जी नळी बाजारात आली, तिने शाळाच्या शाळा व्यापल्या. तिच्या एका कुपीतले निकोटीन सुमारे वीस सिगारेटींच्या पाकिटाएवढे, असे कंपनीच सांगत असे. शिवाय ते क्षाराच्या रूपात असल्यामुळे घशाला टोचत नाही. सिगारेटचा पहिला झुरका घेतला की पोरगा खोकून बेजार होतो, डोळ्यांतून पाणी येते, आणि पुष्कळ पोरे तिथूनच परत फिरतात. मला तर तो ठसका म्हणजे अल्लाने नेमलेला पहारेकरी वाटतो. या नळीने त्या पहारेकऱ्यालाच झोपवले.

एक जुनी हकीगत सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती आपल्या शेजारच्या विजापूरची आहे. इ. स. १६०४-०५ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात आला होता. तंबाखू त्याने तिथे पहिल्यांदा पाहिली. पोर्तुगीजांबरोबर ती या किनाऱ्यावर आलेली होती. असद बेगने परत जाताना ती बरोबर नेली, आणि नुसती नेली नाही, तर रत्ने जडवलेली सुंदर नळी तयार करवून बादशहापुढे ठेवली. बादशहाने नवलाने दोन-चार झुरके घेतले. शाही हकीम पुढे झाला आणि म्हणाला, या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, हिची परीक्षा झालेली नाही, हुजुरांनी ती घेऊ नये. बादशहाने हकिमाचे ऐकले आणि सवय लावून घेतली नाही. पण दरबारातल्या अमीर-उमरावांना ती रत्नजडित नळी पाहून राहवले नाही. त्यांनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि थोड्याच काळात तंबाखू सगळीकडे झाली. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने बंदी घातली, तिचा उपयोग झाला नाही.

चारशे वर्षांपूर्वी जे घडले तेच आज आपल्या पोरांच्या बाबतीत घडते आहे. पोराला आधी नळी आवडते, तंबाखू नंतर. नळीवर तेव्हा रत्ने होती, आज निळा दिवा आणि आंब्याचा वास आहे. हकीम बोलला तेही आज तसेच्या तसे लागू पडते. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्या तरुणांना फुप्फुसाचा एक विचित्र आजार जडू लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ जण दगावले. तपासाअंती मुख्य दोष निघाला तो चोरट्या बाजारातल्या, बहुतांशी गांजाचा अर्क असलेल्या द्रवात मिसळलेल्या एका तेलकट पदार्थाचा, व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा. काही जण यावरून म्हणतात की मग साध्या व्हेपला काय झाले? मी उलट विचारतो. आपल्या देशात ही वस्तू विकणेच बेकायदा आहे, म्हणजे इथे येणारा सगळाच माल चोरट्या बाजारातला. त्या द्रवात काय आहे हे विकणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक नसते. मग कोणत्या भरवशावर ते फुप्फुसात घ्यायचे?

कायद्याचे दोन शब्द. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात या सर्वांना बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्याचे लांबलचक नाव वाचून पाहा, त्यात 'वापर' हा शब्द नाही. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, पोरावर नाही. मात्र मित्राच्या चार नळ्या 'जरा ठेव तुझ्याकडे' म्हणून दप्तरात बाळगणाऱ्या पोराला ही साठवणूक महागात पडू शकते, हे त्याला आजच सांगून ठेवा. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. यात दुकानदारच येतो असे नाही. कोपऱ्यावरून पुडी आणायला पोराला पिटाळणाऱ्या बापानेही हे कलम एकदा वाचावे.

इथे मी थोडा अवघड भाग बोलणार आहे. राग मानू नये.

गेल्या वर्षी नववीच्या एका मुलाकडे ही नळी सापडली. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखे. वडिलांना बोलावले. उद्यमनगरात लेथवर काम करणारा कष्टाळू माणूस, अर्धा दिवस खाडा करून आला. खोलीत येण्याआधी खिडकीशी जाऊन त्याने तोंडातला मावा थुंकला, रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाला, "सर, आमच्या घरात आजवर कुणी सिगरेट हातात धरली नाही. ह्यो कुणावर गेला कळंना." तो खोटे बोलत नव्हता. सिगारेट खरोखरच कुणी धरली नव्हती. पोरगा खाली मान घालून उभा होता. मी त्याला एवढेच विचारले, की बाळ, हे तुला कशासाठी लागते? बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "ओढलं की डोकं शांत होतंय, सर." आणि बापाकडे न बघता पुढे म्हणाला, "अब्बा मावा मळतात, तवा त्यांना कोण विचारतंय?"

बापाचा हात उठला होता. मी मध्ये झालो. पण त्या पोराने जे विचारले ते मला आजही या सभागृहापुढे ठेवावेसे वाटते. २०१६-१७ साली प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के आढळले. म्हणजे आपण धूर काढणारे लोक नाही, चघळणारे आहोत. राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात मळून दिलेला मावा आपल्याकडच्या टपऱ्यांवर कसा मिळतो हे मी सांगायला नको. आजीची मिश्री चुलीपाशी असते, मावशीची तपकिरीची डबी उशाशी. मिश्रीला तर आपण दात घासण्याची पूड समजतो, व्यसन समजतच नाही. मुलींना या गोष्टी शिवत नाहीत असे मानणाऱ्यांनी मिश्री कोण लावते याचा विचार करावा.

हे असे का झाले, त्यालाही कारण आहे. तंबाखू आपल्या मुलखात परकी वस्तू नाही, ते पोट आहे. चाळीस किलोमीटरवरचे निपाणी हे विडी-तंबाखूचे मोठे केंद्र. तिथल्या वखारींत बायकांनी दिवसभर तंबाखूच्या भुकटीत उभे राहून संसार ओढले. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, आणि एप्रिलात गोळीबार होऊन बारा शेतकरी मेले. ज्या पिकासाठी माणसे मेली त्याला विष म्हणायला जीभ रेटत नाही, हे मी समजू शकतो. विडी वळणाऱ्या बाईला कुणी उपदेश करू नये, तिला दुसरे काम द्यावे. पण पोराच्या फुप्फुसाचा आणि भावाचा काही संबंध नाही.

पालकांच्या भेटीत जी उत्तरे ऐकू येतात ती आता मला पाठ झाली आहेत. "आमचा त्यातला नाही, सोबत वाईट" हे सर्वांत जास्त वेळा. गंमत अशी की त्या सोबत्याचे वडीलही हेच म्हणून गेलेले असतात. दुसरे म्हणजे पट्टा. मार खाल्लेला पोरगा नळी सोडत नाही, जागा बदलतो. घरातून संडासात, संडासातून गच्चीवर, गच्चीवरून रंकाळ्यावर. तिसरे उत्तर शिकलेल्या घरांतून येते : "सिगारेटपेक्षा बरे ना, सर? इंग्लंडात तर डॉक्टरच देतात." हे अर्धे खरे असल्यामुळे जास्त घातक आहे. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाला ती सोडवण्यासाठी ही नळी सुचवतात, कारण त्याच्यापुढे धूर की फवारा असा पर्याय असतो. चौदा वर्षांच्या आपल्या पोरापुढे पर्याय आहे तो फवारा की स्वच्छ हवा. आणि त्याच इंग्लंडने एकदा वापरून फेकायच्या नळ्यांची विक्री १ जून २०२५ पासून बंद केली, त्यामागे शाळकरी मुलांत झालेला त्यांचा प्रसार हे एक मोठे कारण होते. चौथी तऱ्हा झाकपाक. चार लोकांत इज्जत जाईल म्हणून पोराला गुपचूप मामाच्या गावी धाडायचे. नळी त्याच्या बॅगेतून मामाच्या गावी जाते, आणि तिथे विचारणारे कोणी नसते.

आता त्या पोराच्या वाक्याकडे येऊ. "डोकं शांत होतंय." ही थाप नाही, त्याला तसे खरोखर वाटते. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि तिथे सुखाची, हुशारीची एक लहर उठवते. दोन-एक तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड, अस्वस्थता, पुस्तकात लक्ष न लागणे. पुन्हा ओढले की ते शमते. पोराला वाटते, अभ्यासाचा ताण या नळीने घालवला. खरे तर मधल्या तासांचा तो ताण नळीनेच घातलेला होता. सावकार असाच असतो. तुमच्याच खिशातले शंभर काढून घेतो, त्यातले पन्नास तुम्हाला उसने देतो, आणि अडीनडीला हाच एक माणूस धावून येतो म्हणून तुम्ही त्याला सलाम करता. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात पडलेली ही सावकारी सुटायला कठीण जाते.

पण मुळात त्याला कर्ज घ्यावेसे का वाटले? सकाळी सहाला शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी दुसरी शिकवणी, रात्री मोबाईलवर प्रश्नसंच. बारावीनंतरच्या परीक्षांची नावे आठवीतल्या पोराला पाठ असतात. घरात बोलणे होते ते गुणांचे. चुलत्याचा मुलगा पुण्याला अभियांत्रिकीला गेला, तुझे काय, हा प्रश्न जेवणाच्या ताटावर दररोज वाढला जातो. त्याच्या वडिलांनी लेथवर आयुष्य काढले, त्यांना वाटते पोराने काढू नये. यात त्यांचे काय चुकले? काहीच नाही. पण ते ओझे उतरवून ठेवायला पोराला घरात दहा मिनिटांची जागा नाही. पूर्वी तालमीत ती जागा होती. अंगात मस्ती असो की मनात घोर, वस्ताद दोनशे जोर काढायला लावी, घामाबरोबर पुष्कळसे निघून जाई, आणि वरून दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध. सगळ्या पोरांनी पैलवान व्हावे असे मी म्हणत नाही. वस्तादासारखा एखादा मोठा माणूस रोज तासभर त्यांच्याबरोबर असे, ते गेले, एवढे म्हणतो.

अलीकडे या ताणावर एक उपाय फार बोलला जातो. इंग्रजीत त्याला माइंडफुलनेस म्हणतात, आपण सजगता म्हणू. जॉन कॅबट-झिन नावाच्या प्राध्यापकाने १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात दुखणाईत माणसांसाठी त्याचे वर्ग सुरू केले. कल्पना आपल्याकडची जुनी आहे. इगतपुरीला गोएंका गुरुजींच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून माणसे श्वासावर लक्ष ठेवून बसतात. सूफी बुजुर्गांची मुराकबा म्हणजे तरी वेगळे काय? नमाजात मन हजर असावे, नुसते अंग वाकू नये, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते.

याचा तंबाखूशी संबंध असा. तलफ येते ती लाटेसारखी येते. चढते, टोकाला पोचते आणि बहुधा पाचेक मिनिटांत ओसरते. ती पाच मिनिटे तिच्याशी झटापट न करता नुसते पाहत राहायचे : छातीत काय होते आहे, हात कुठे जातो आहे, श्वास कसा चालला आहे. २०११ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ८८ प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांवर हा प्रयोग केला. सतरा आठवड्यांनंतर सजगता शिकलेल्यांपैकी ३१ टक्के सिगारेटपासून दूर होते, नेहमीच्या पद्धतीने शिकवलेल्यांपैकी ६ टक्के. आकडा वाचून मला आनंद झाला. पण शिक्षकाने एका प्रयोगावर पोट भरू नये. २०२२ साली कोक्रेन संस्थेने असे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा इतर उपायांपेक्षा हा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ऐंशीहून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत सर्वांना सजगतेचे तास दिल्याने मुलांचे मन नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक सुधारले, असे काही दिसले नाही. घरी सराव करायला सांगितला होता, तो बहुतेक मुलांनी केलाच नाही. हे वाचून मला हसू आले. गृहपाठाचे जे होते तेच.

तेव्हा डोळे मिटून बसले की व्यसन सुटते, असे सांगणारा कोणी आला तर त्याला पैसे देऊ नका. मी माझ्या वर्गात तास सुरू होण्याआधी दोन मिनिटे मुलांना शांत बसवतो, श्वास आत, श्वास बाहेर, एक ते दहा मोजायचे, चुकले तर पुन्हा एकपासून. मागच्या बाकावरचे खुदखुदतात, एखादा खरोखर झोपतो. तरी मी ते सोडलेले नाही, कारण त्या दोन मिनिटांत मीही त्यांच्याबरोबर बसतो, आणि नंतरचा तास निदान मला तरी बरा जातो. याचा उपयोग झाला तर तो मोठा माणूस बरोबर बसल्याने होतो, असे माझे मत झाले आहे. पोराला कोपऱ्यात डोळे मिटायला लावून आपण मोबाईल चाळत बसलो तर ती शिक्षाच झाली.

त्या लेथवाल्या भाईंना मी हेच सुचवले. म्हटले, पोराला सोडायला सांगण्याऐवजी दोघे मिळून सोडा. रमजान जवळ आला होता. पट्टीचा मावा खाणारा माणूसही सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास काही तोंडात धरत नाही, म्हणजे ताकद तर आहे. अडचण इफ्तारनंतर येते. खजूर, पाणी, मगरीब, आणि पाय आपोआप टपरीकडे. बापलेकांनी ठरवले, की मगरीबनंतरचा तो अर्धा तास दोघांनी एकत्र पंचगंगेकडे चालत जायचे. तलफ आली की एकमेकांना सांगायचे, लपवायचे नाही. पहिले तीन दिवस दोघेही घरात कुणाशी धड बोलत नव्हते. निकोटीन सुटण्याचे पहिले दोन-तीन दिवसच सर्वांत वाईट असतात, ते तीन-चार आठवड्यांत बरेच निवळते. ईदपर्यंत दोघांचे सुटले. ईदनंतर कारखान्यात कामाची गर्दी झाली आणि भाईंचा मावा पुन्हा सुरू झाला, हेही मी सांगितले पाहिजे. मुलाने मात्र नळी धरली नाही. एकदा मित्राच्या वाढदिवसाला दोन झुरके घेतले, ते त्याने आपण होऊन घरी सांगितले. अब्बांनी मारले का, म्हणून मी विचारले. म्हणाला, "नाही सर. म्हणाले, चल, फिरून येऊ." भाई आता दुसऱ्यांदा सोडण्याच्या खटपटीत आहेत. ज्यांना घरच्या घरी जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. पोरानेही फोन केला तरी चालतो. आपल्या डॉक्टरांनाही विचारावे, त्यात लाज कसली?

एक विषय शिक्षकांच्या खोलीत निघाला होता, तो इथे उघड बोलतो. असा मुलगा सापडला की त्याच्या हातात दाखला द्यावा, बाकीच्यांना वचक बसेल, असे काही सहकाऱ्यांचे मत होते. त्यांची काळजी खरी आहे. एका वर्गात एक नळी आली की महिन्याभरात पाच होतात. तरी मला हे मान्य नाही. हे कोल्हापूर आहे. मुस्लिम समाजातली पोरे शिकावीत म्हणून राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने इथे १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा पोरगा शाळेत आला नाही तर दंड कोणाला ठेवला? पोराला नव्हे, बापाला. महिना एक रुपया. ज्या गावाने पोरांना शाळेत ओढून आणण्यासाठी दंड केला त्या गावात आपण पोराला शाळेबाहेर काढायचे? बाहेर काढलेला पोरगा दिवसभर जिथे बसणार, ती जागा टपरीचीच असणार. त्याऐवजी नळी जप्त करावी, आई-बाप दोघांना बोलवावे, एकट्या बापाला नव्हे, आणि ती नळी कोणाकडून घेतली हे त्याच्याकडून विश्वासाने काढून घ्यावे. पोराला भय नसले तर तो नाव सांगतो, असा माझा अनुभव आहे. बहुतेक वेळा ते नाव मोबाईलवरच्या एखाद्या खात्याचे निघते, आणि ते पोलिसांकडे देता येते.

आणखी एक. तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांची २०१९ साली देशभर पाहणी झाली, तीत ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारी आढळली, आणि ई-सिगारेट कधीतरी ओढून पाहिलेली २.८ टक्के. म्हणजे नळीची चर्चा करताना पुडी नजरेआड होता कामा नये. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेच्या सभोवार शंभर यार्डांत, म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटरांत, तंबाखू विकता येत नाही, आणि तंबाखूमुक्त शाळेच्या सरकारी नियमावलीप्रमाणे त्या अंतरावर पिवळी रेघ आखायची असते. आपल्या फाटकासमोरची रेघ अजून आखलेली नाही. पावले मोजून पाहिली तर दोन टपऱ्या आत येतात असे दिसते, पण पावलांचे माप दुकानदार मानणार नाही. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तीन शिक्षक टेप घेऊन मोजायला निघणार आहोत. रंगाचा डबा शाळेतून मिळेल. पालकांपैकी चार-पाच जण, त्यात दोन-तीन माता असल्या तर फारच चांगले, साडेबारा वाजता फाटकाशी थांबावेत. त्या टपरीवाल्यांपैकी एकाची मुलगी आपल्याच सातवीत आहे, तेव्हा बोलणे माणुसकीचे असावे. बिस्किटे, वह्या, पेने ठेवण्यासाठी संस्थेने त्याला काही हातभार लावता येतो का, हे मी अध्यक्ष महोदयांना इथेच विचारून ठेवतो.